उरण : इतिहास व स्थानिक प्रशासन

उरण हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील, मुंबई बंदराच्या आग्नेय काठावरचे एक लहान शहर असून त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्यालय आहे. ज्या भूभागावर हे शहर वसले आहे तो पूर्वी स्वतंत्र बेट होता व जुन्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख 'करंजा' किंवा 'उरण बेट' असा येतो. येथील नगरपालिका १८६०च्या दशकातील असून ती राज्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक आहे. आज उरण तालुक्याचा मोठा भाग नवी मुंबई प्रकल्पात व जवाहरलाल नेहरू बंदराच्या परिसरात मोडतो. तरीही उरण शहर नवी मुंबई महानगरपालिकेत नाही आणि पनवेल महानगरपालिकेतही नाही. त्याचा कारभार स्वतःच्या नगरपरिषदेमार्फत चालतो.

== स्थान व भूरूप ==

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरून पाहिले असता समोर दोन टेकड्या दिसतात. उत्तरेची टेकडी ठेंगणी असून तिच्या पायथ्याशी मोरा बंदर आहे. दक्षिणेचा उंच डोंगर म्हणजे द्रोणागिरी. लक्ष्मणासाठी संजीवनी नेत असताना मारुतीच्या हातातील पर्वताचा तुकडा येथे पडला, अशी स्थानिक आख्यायिका आहे. या दोन टेकड्यांच्या मधल्या सखल पट्ट्यात भातशेती, वाड्या, तळी आणि उरणचे गावठाण वसले. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला करंजाची खाडी आणि पूर्वेला भरतीच्या पाण्याने भरणारी खाजणे, अशी या बेटाची मूळ सीमा होती.

पूर्वेकडची ही खाजणे पुढे मिठागरांनी व खारभूमीच्या बांधांनी व्यापली आणि बेट हळूहळू मुख्य भूमीला जोडले गेले. बेट नेमके कोणत्या वर्षी संपले असे म्हणता येत नाही, कारण ते एका पुलाने किंवा एका भरावाने संपलेले नाही. पिढ्यानपिढ्या घातलेले मातीचे बांध, नंतरचे रस्ते आणि शेवटी बंदर व सिडकोचे भराव यांनी ते काम केले. तालुक्याचा पूर्व विभाग, म्हणजे चिरनेर, कोप्रोली, मोठी जुई ही गावे, आजही खोपट्याच्या खाडीपलीकडे आहेत आणि खोपट्याचा पूल हा त्यांचा उरणशी असलेला महत्त्वाचा दुवा आहे.

== प्राचीन व मध्ययुगीन काळ ==

उरण परिसराचा लिखित इतिहास उत्तर कोकणच्या शिलाहारांपासून सापडतो. शहरालगतच्या चाणजे गावी शिलाहार राजा पहिला अपरादित्य याचा शके १०६०चा (इ.स. ११३८-३९) शिलालेख मिळाला आहे. या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर याचे दोन शिलालेखही याच बेटावरचे आहेत : रानवड येथील शके ११८१चा आणि चाणजे येथील शके ११८२चा. त्यानंतर काही वर्षांतच देवगिरीच्या महादेव यादवाने सोमेश्वराचा पराभव केला आणि उत्तर कोकण यादवांकडे गेले. इतक्या लहान बेटावर एका राजघराण्याचे तीन लेख मिळावेत ही लक्षणीय गोष्ट आहे. ठाणे आणि घारापुरी यांच्या जलमार्गावरील या जागेला त्या काळी महत्त्व होते, असा अर्थ त्यातून काढता येतो.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसईच्या तहान्वये वसई व तिच्याशी संलग्न प्रदेश पोर्तुगिजांना दिला. करंजा बेट पोर्तुगिजांच्या वसई प्रांतात गेले व सुमारे दोन शतके तेथेच राहिले. द्रोणागिरीवर त्यांनी तटबंदी केली, चर्च उभारले. त्या बांधकामाचे अवशेष डोंगरावर अजून पाहावयास मिळतात. १७३७ ते १७३९ या काळातील मराठ्यांच्या वसई मोहिमेत हे बेट पोर्तुगिजांच्या हातून गेले.

== इंग्रजी अंमल : खाडीची सरहद्द ==

मराठ्यांची सत्ता येथे चार दशकेही टिकली नाही. १७७४-७५मध्ये साष्टीबरोबर करंजाही मुंबईकर इंग्रजांनी घेतले आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी, करंजा व हॉग बेट ही ठिकाणे इंग्रजांकडे कायम झाली. समोरचे पनवेल मात्र १८१७पर्यंत पेशव्यांकडेच होते. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे उरणच्या खाडीतून एक राजकीय सरहद्द गेली होती. अलीकडचे खाजण कंपनी सरकारचे आणि पलीकडचे पुण्याचे, अशी ती विभागणी होती. उरणची बाजारपेठ, बंदर आणि कारभार पनवेलपेक्षा मुंबईकडे वळलेला का राहिला, याचे एक कारण भूगोलात आहे आणि दुसरे या चाळीस वर्षांत आहे.

पुढे उरण ठाणे जिल्ह्यात होते. १८८३मध्ये पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्याला जोडण्यात आला आणि त्याच्याबरोबर उरणही कुलाब्यात गेले. १९८१मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

== मीठ, दारू आणि महसूल ==

एकोणिसाव्या शतकातील उरणची संपत्ती दोन गोष्टींवर उभी होती. पहिली मीठ. उधाणाचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातील झडपेच्या दारातून, आत घ्यावयाचे, मोठ्या तळ्यात साठवावयाचे, तेथून ते उथळ वाफ्यांत सोडून उन्हाने आटवावयाचे आणि पावसाळ्यापूर्वी मीठ ओढून रचून ठेवावयाचे, हे काम प्रामुख्याने आगरी समाज करीत असे. समाजाचे नावच 'आगर' म्हणजे मिठागर या शब्दाशी जोडले जाते. कोळी समाज मासेमारीवर, तर कराडी व आगरी समाजातील अनेक कुटुंबे भातशेतीवर अवलंबून होती.

दुसरी गोष्ट दारू. मोहाच्या फुलांपासून दारू गाळण्याच्या भट्ट्या उरणला होत्या व त्यांचे मालक बहुतेक पारशी होते. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर सरकारने दारू गाळण्याचे काम ठरावीक ठिकाणी एकवटले. देखरेखीला बेट सोयीचे होते आणि मुंबईची बाजारपेठ समोरच होती. त्यामुळे मुंबई शहरात खपणाऱ्या देशी दारूचा मोठा पुरवठा उरणहून होऊ लागला.

या दोन्ही धंद्यांचा कर मोठा होता, परंतु मिठावरील कर व अबकारी हे दोन्ही सरकारी तिजोरीत जात. नगरपालिकेच्या वाट्याला घरपट्टी, जकात व किरकोळ फी एवढेच उत्पन्न येई. गावात निर्माण होणारा पैसा आणि गावाच्या कारभाराला मिळणारा पैसा यांतील ही तफावत उरणच्या इतिहासात नंतरही वेगवेगळ्या रूपांत दिसते.

== बांधाचा कारभार ==

नगरपालिका येण्याच्या आधीपासून या परिसरात एक स्थानिक व्यवस्था चालत आलेली होती. तिची नोंद शहराच्या इतिहासात सहसा घेतली जात नाही. खारभूमीतील भातशेती समुद्रसपाटीच्या जवळ असते. बांधाला खांड पडली की एका रात्रीत खारे पाणी शिरते आणि जमीन पुढची काही वर्षे नापीक होते. खांड कोणाच्या शेताशी पडली याला अर्थ नसतो, कारण पाणी सर्वांच्याच शेतात जाते. म्हणून बांधाची देखभाल सर्व कास्तकारांनी मिळून करावयाची, त्यासाठी माणसे व धान्य अथवा पैसा जमिनीच्या प्रमाणात द्यावयाचा, अशी रीत रायगडच्या खारेपाटात होती. तिला 'जोळ' म्हणतात. १९४८च्या मुंबई खारभूमी कायद्याने व पुढे १९७९च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने ही जबाबदारी मोठ्या प्रमाणावर शासनाकडे आली आणि जोळ पद्धत मागे पडली. शेतजमिनी संपादित झाल्यावर तर बांध राखण्याचे कारणच उरले नाही.

== नगरपालिकेची स्थापना व वाढ ==

मुंबई इलाख्यात लहान शहरांच्या नगरपालिकांना प्रथम आधार मिळाला तो १८५०च्या सव्विसाव्या कायद्याचा. रहिवाशांनी अर्ज केल्यास सरकार त्या गावाला हा कायदा लागू करीत असे. रस्ते, दिवाबत्ती, झाडलोट, तळी-विहिरींची निगा ही कामे आणि त्यासाठी कर बसविण्याचा अधिकार, एवढे मर्यादित क्षेत्र नगरपालिकेला मिळे. उरणची नगरपालिका याच व्यवस्थेत जन्मली. मीठ व दारूच्या व्यापारामुळे पेठेत राबता होता, कर देऊ शकणारे व्यापारी होते आणि सरकारी अधिकाऱ्यांचे वास्तव्य होते. लोकसंख्येने लहान असूनही उरणला नगरपालिका इतक्या लवकर मिळाली, त्यामागे ही परिस्थिती होती.

१८७३च्या कायद्याने जिल्हा नगरपालिकांची रचना अधिक व्यवस्थित झाली, तरी सूत्रे कलेक्टर व इतर सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती राहिली. लॉर्ड रिपनच्या १८८२च्या ठरावानंतर मुंबई सरकारने १८८४चा कायदा केला व निवडून आलेल्या सदस्यांचे प्रमाण वाढले. मतदानाचा हक्क अर्थातच मालमत्ता व कर यांच्याशी बांधलेला होता, त्यामुळे मिठागरात राबणारा मजूर या निवडणुकीत नव्हता. १९०१च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने पुढील अर्धशतकाचा साचा घालून दिला.

स्वातंत्र्यानंतर राज्यातील वेगवेगळे नगरपालिका कायदे एकत्र करून १९६५चा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम आला. तेव्हापासून अधिकृत शब्द 'नगरपरिषद' झाला. बोलण्यात मात्र उरणकर अजून 'नगरपालिका'च म्हणतात. या कायद्यानुसार ४० हजारांपर्यंत लोकसंख्येची शहरे 'क' वर्गात, त्यावरची एक लाखापर्यंतची 'ब' वर्गात आणि त्याहून मोठी 'अ' वर्गात येतात. उरण 'क' वर्गात आहे. वर्गानुसार नगरसेवकांची संख्या आणि अधिकारी-कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध ठरतो. शेजारी देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक असले, तरी नगरपरिषदेला मिळणारी यंत्रणा लहान गावाचीच असते.

१९९९मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली व तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. बंदराच्या गावाला जकातीचे महत्त्व अधिक असते, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचा अर्थ समजतो. स्वतः वसूल करावयाच्या उत्पन्नाऐवजी मंत्रालयातून येणाऱ्या रकमेवर अवलंबून राहणे भाग पडले.

== चिरनेरचा जंगल सत्याग्रह ==

उरण तालुक्याचे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात आले ते चिरनेरमुळे. सविनय कायदेभंगाच्या काळात, २५ सप्टेंबर १९३० रोजी, चिरनेरजवळच्या आक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. आसपासच्या अनेक गावांतील शेतकरी व आदिवासी त्यात सामील होते. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत धाकू गवत्या फोफेरकर व नाग्या महादू कातकरी यांची नावे विशेष परिचित आहेत. मामलेदार केशव महादेव जोशी हेही याच गोळीबारात मृत्युमुखी पडले. दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेर येथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

== प्रकल्पांचा काळ ==

स्वातंत्र्यानंतर उरणच्या जमिनीवर एकामागून एक प्रकल्प आले. करंजा येथे नौदलाचे शस्त्रागार आहे. मुंबई हाय येथील तेल-वायूचे उत्पादन १९७६मध्ये सुरू झाले आणि तेथील तेल व वायू समुद्रतळावरच्या वाहिन्यांनी उरणला येऊ लागला. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रक्रिया प्रकल्प द्रोणागिरीच्या पायथ्याच्या परिसरात उभा राहिला. बोकडवीरा येथे वायूवर चालणारे वीजकेंद्र १९८२ पासून सुरू झाले.

दरम्यान १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली होती व नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादित करण्याचे काम चालू झाले होते. संपादन १८९४च्या कायद्याने होत होते. जमिनीची किंमत, पर्यायी रोजगार आणि वाढलेल्या गावठाणांचा प्रश्न यांवरून असंतोष वाढत गेला. जासई येथील मूळ रहिवासी व शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना पुढे आली, तिचे मूळ या आंदोलनात आहे. भूसंपादनाच्या बदल्यात केवळ रोख रक्कम न देता विकसित जमिनीत वाटा देण्याचा हा विचार नंतर इतर प्रकल्पांच्या चर्चेतही आधार म्हणून वापरला गेला.

न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. बंदरासाठी शेवा बेटावरील मूळ गाव उठविण्यात आले. शेतकऱ्यांची वस्ती 'नवीन शेवा' म्हणून आणि कोळ्यांची वस्ती 'हनुमान कोळीवाडा' म्हणून उरणजवळ वसविण्यात आली. हनुमान कोळीवाड्याच्या नव्या जागेला वाळवी लागली, घरे पोखरली गेली आणि रहिवाशांना पुन्हा पुनर्वसनाची मागणी करीत राहावे लागले. एका पिढीने बेट सोडले आणि पुढच्या पिढ्यांचा जागेचा प्रश्न तसाच राहिला. उरणच्या प्रकल्पग्रस्तांच्या इतिहासात हे प्रकरण सर्वांत दीर्घ चाललेल्या प्रकरणांपैकी आहे.

== आजची प्रशासकीय रचना ==

सध्याच्या रचनेत उरण बेटाच्या मूळ भूभागावर एकच सत्ता नाही. जुने शहर नगरपरिषदेकडे आहे. त्याला लागून असलेली चाणजे, नागाव, केगाव, म्हातवली, बोकडवीरा, फुंडे, भेंडखळ, नवघर आदी गावे ग्रामपंचायतींकडे आहेत. चाणजे व नागावसारख्या गावांची वस्ती शहराला इतकी भिडली आहे की रस्त्याने जाणाऱ्याला हद्द कोठे संपली हे कळत नाही. बोकडवीरा-नवघरच्या बाजूला उभे राहिलेले द्रोणागिरी उपनगर सिडकोने नियोजित केले आहे. बंदराचा परिसर केंद्र सरकारच्या अखत्यारीतील बंदर प्राधिकरणाकडे, तर मोऱ्याचा धक्का महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे.

नागरिकाच्या दृष्टीने ही विभागणी आणखी गुंतागुंतीची होते. महसुली कामासाठी जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. विधानसभेसाठी उरण हा स्वतंत्र मतदारसंघ आहे, पण लोकसभेसाठी तो मावळ मतदारसंघात, म्हणजे घाटावरच्या पिंपरी-चिंचवडबरोबर जोडलेला आहे. प्रादेशिक नियोजन मुंबई महानगर प्रदेशाच्या चौकटीत होते. २०२४मध्ये उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जबाबदारी देण्यात आली, त्यामुळे तालुक्याच्या पूर्व भागात आणखी एक नियोजन संस्था आली.

पाण्याचे उदाहरण घेतले तर नगरपरिषदेची मर्यादा स्पष्ट दिसते. पूर्वी गावातील विहिरी व तळी नगरपालिकेच्या देखरेखीखाली होती. विमला तलाव हा आज शहरातील विरंगुळ्याची जागा म्हणून ओळखला जातो. पिण्याचे पाणी येते ते औद्योगिक विकास महामंडळाच्या रानसई धरणातून. याच धरणावर आसपासच्या ग्रामपंचायती व औद्योगिक प्रकल्पही अवलंबून आहेत. उन्हाळ्यात साठा कमी झाला की पाणीकपात महामंडळ ठरवते. नळाला पाणी आले नाही म्हणून मोर्चा मात्र नगरपरिषदेवर जातो.

आपत्ती व्यवस्थापनाचाही प्रश्न असाच आहे. तेल, वायू, रसायनांचे साठे आणि शस्त्रागार अशा वस्तू काही किलोमीटरच्या परिघात असलेले 'क' वर्ग शहर राज्यात क्वचितच सापडेल. सप्टेंबर २०१९मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या उरण प्रकल्पात लागलेल्या आगीत चार जणांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी विझविण्याची मुख्य साधने प्रकल्पांकडेच असतात, तर रहिवाशांना हलविण्याचे व सूचना देण्याचे काम स्थानिक यंत्रणेवर येते.

नगरपरिषदेच्या अंतर्गत रचनेत लोकनियुक्त नगराध्यक्ष व नगरसेवक आणि शासननियुक्त मुख्याधिकारी असे दोन भाग आहेत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा, ठरावीक मुदतीत निवडणुका आणि महिलांसाठी किमान एक-तृतीयांश राखीव जागा मिळाल्या. राज्यात हे प्रमाण पुढे निम्मे झाले. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडावा की नगरसेवकांतून, याबाबत राज्याचे धोरण वारंवार बदलले आहे. २०१६च्या निवडणुकीत तो थेट निवडला गेला, २०२०मध्ये ती तरतूद काढण्यात आली व २०२२मध्ये पुन्हा आणली गेली. त्यानंतर आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे राज्यभरातील निवडणुका लांबल्या आणि मुदत संपलेल्या इतर नगरपरिषदांप्रमाणे उरणचा कारभारही प्रशासकाकडे राहिला. मुदतीत निवडणुका व्हाव्यात म्हणून केलेल्या घटनादुरुस्तीच्या तिसाव्या वर्षी ही स्थिती होती. निवडणूक अखेर डिसेंबर २०२५मध्ये झाली.

== दळणवळण ==

शतकाहून अधिक काळ उरणहून मुंबईला जाण्याचा जवळचा रस्ता पाण्यावरून होता. मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच आजही चालते. मोऱ्याला गाळ साचत असल्याने मोठ्या ओहोटीच्या वेळी फेऱ्या थांबवाव्या लागतात, म्हणून उरणचा नोकरदार भरती-ओहोटीचे वेळापत्रक लक्षात ठेवतो. करंजाहून धरमतर खाडीच्या मुखातून रेवसला जाणारी बोट अलिबाग तालुक्याशी संबंध जोडते. रस्त्याने मुंबईला जावयाचे तर नवी मुंबईमार्गे मोठा वळसा घ्यावा लागे.

१२ जानेवारी २०२४ रोजी हे चित्र बदलले. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा, त्यातील सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावरून जाणारा अटल सेतू त्या दिवशी खुला झाला. त्याचे पूर्वेकडचे टोक उरण तालुक्यातील चिर्ले येथे उतरते. त्याच दिवशी, नोव्हेंबर २०१८ पासून खारकोपरपर्यंतच धावणारी उपनगरी रेल्वे उरण स्थानकापर्यंत आली. सेतूवरून मोटारीने जाणाऱ्याला पथकर भरावा लागतो आणि दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे अनेक उरणकरांसाठी लोकल आणि मोऱ्याची लाँच हीच दोन रोजची साधने राहिली आहेत.